सासूबाईंना खोलीत मुलं दिसतायत, हे वेड आहे का?

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. सासूबाई 76 वर्षांच्या, लोकमान्य नगरात तुमच्याकडेच असतात, बीपी आणि शुगर जुनी, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिलाय. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत स्वतः पूजा, स्वतःच्या गोळ्या स्वतः, दुपारी शब्दकोडं, सगळं व्यवस्थित. आणि आता दहा दिवस झाले, दिवेलागणीला कोपऱ्यात दोन लहान मुलं येऊन बसतात म्हणतात, कामवाल्या बाई चहात काहीतरी टाकतात म्हणून चहा सोडलाय, रात्रभर जाग्या, सकाळी मात्र बऱ्यापैकी ठीक. दीर म्हणतात म्हातारचळ लागलाय, बाणगंगेच्या मनोरुग्णालयात दाखवावं लागेल, नणंद म्हणतात बाहेरचं आहे, उज्जैनला घेऊन चला, आणि तुम्ही विचारताय की मानसोपचारवाल्यांकडे न्यायचं का.

मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे, इंदुरात 26 वर्षं हेच काम करतोय, आणि तरी सांगतो की माझ्यासारख्याकडे यायच्या आधी त्यांना चांगल्या फिजिशियनला दाखवा, आणि ते आज किंवा उद्या, पुढच्या आठवड्यात नाही. कारण जे चित्र तुम्ही लिहिलंय ते मनाच्या आजारापेक्षा शरीर बिघडल्याचं जास्त वाटतंय. कागदावरून निदान करता येत नाही हे खरं, पण कुठून शोधायला लागायचं ते नक्की सांगता येतं.

माझ्याकडे असा पेशंट आला की पहिला प्रश्न "काय दिसतं?" हा नसतो, "कधीपासून?" हा असतो. काय दिसतं ते सगळे रंगवून सांगतात, साप दिसला, बाई दिसली, आवाज आला, पण त्यावरून फार काही ठरत नाही. कधीपासून, किती वेगात, आणि त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय बदललं, यावर अर्धं निदान होतं. स्किझोफ्रेनिया ज्याला म्हणतात तो बहुतेक वेळा पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान सुरू होतो, हळूहळू, महिनोन्महिने माणूस बदलत जातो, आणि त्यात दिसण्यापेक्षा ऐकू येणं जास्त असतं, कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, आपल्याला हुकूम देतंय. आयुष्यभर ज्या बाईंचं डोकं शाबूत होतं त्यांना 76 व्या वर्षी दहा दिवसांत, तेही दिसण्याचे भास, संध्याकाळी वाढणारे आणि सकाळी ओसरणारे, हे उलटं सिद्ध होईपर्यंत शरीराचंच समजायचं.

याला आम्ही डिलिरियम म्हणतो. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं पण प्रकार पक्का माहीत होता, टायफॉइडचा ताप चढला की "वातात बरळतोय" म्हणायच्या, तेच हे. फरक एवढाच की म्हाताऱ्या माणसाला वात व्हायला ताप यावाच लागतो असं नाही. वय झालेल्या मेंदूत शिल्लक कमी असते, त्यामुळे तरुण माणसाला जिथे नुसती कणकण वाटेल तिथे म्हाताऱ्या माणसाचा मेंदूच आधी गडबडतो. म्हणजे छातीत न्यूमोनिया झालाय पण खोकला नाही ताप नाही, फक्त "माझ्या खोलीत माणसं शिरली" एवढंच लक्षण, असे पेशंट मी दर पावसाळ्यात बघतो.

घरी ओळखायचं कसं ते सांगतो. त्यांना शांतपणे म्हणा, आई, वार उलटे म्हणून दाखवा, रविवार, शनिवार असे. गेल्या वर्षी एक आजी माझ्यासमोर बसल्या होत्या, स्वच्छ इरकल नेसलेल्या, नमस्कार केला, नाव-गाव बरोबर सांगितलं, सुनेला वाटलं डॉक्टरांसमोर तर सगळं ठीक आहे. मी म्हटलं वार उलटे म्हणा. "रविवार, शनिवार," म्हणाल्या, मग थांबल्या, "शुक्रवारी उपास असतो," मग खिडकीकडे बघितलं, मग पदराच्या काठावरून काहीतरी न दिसणारं चिमटीत धरून उचलायला लागल्या, एक, दोन, तीनदा, आणि सोमवार कधी आलाच नाही. हे स्मरण जाणं नव्हे, हे लक्ष न टिकणं आहे, आणि डिलिरियमची खरी खूण हीच. मुलं दिसतात की साप दिसतात ते नंतर. पदर, चादर, हवेतलं काहीतरी सारखं चिमटीत पकडणं दिसलं की माझा हात रक्ताच्या तपासणीच्या फॉर्मकडे जातो. आणि हो, डिलिरियम म्हणजे आरडाओरडाच असं नाही, काही जण एकदम गप्प होतात, दिवसभर झोपून, जेवण नको, बोलणं नको, घरचे म्हणतात आता शांत झाल्या बरं झालं, तो गप्प प्रकार जास्त घात करतो कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता कारणं. इंदुरात नवतप्याच्या, म्हणजे कडक उन्हाच्या दिवसांत मी सगळ्यात आधी सोडियम बघतो. एका निवृत्त मास्तरांना घेऊन आले होते, रामबागेतले, ते मुलावर आरोप करत होते की तू घर नावावर करून घेण्यासाठी मला विष देतोस, मुलगा बिचारा रडायच्या बेताला आलेला. मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, आणि नावापुढे बारीक अक्षरात "एच". गोळ्यांच्या आधीच्या पाकिटावर हा "एच" नव्हता, वीस दिवसांपूर्वी गोळी बदलली होती. त्या एचमध्ये लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध असतं. औषध वाईट नाही, लाखो लोक घेतात, पण म्हाताऱ्या माणसात, उन्हाळ्यात, जेवण अर्धं, वर "बीपीमुळे मीठ बंद" आणि भरपूर पाणी पिणं चालू, यात रक्तातलं सोडियम खाली जातं. असावं 135 ते 145, मास्तरांचं आलं 118. आयसीयूत हळूहळू वर आणलं, पाचव्या दिवशी मुलाला विचारत होते की मी असं काही बोललो का रे. हळूहळू हा शब्द मुद्दाम लिहिला, सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, 24 तासांत 8 ते 10 च्या वर वाढू देत नाहीत, म्हणून कृपा करून घरी मिठाचं पाणी पाजून प्रयोग करू नका. आणि गोळीही मनाने बंद करू नका, आधी रिपोर्ट.

साखर कमी होणं हे दुसरं. तुम्ही लिहिलंय की चहा सोडलाय, जेवणही कमी असणार, आणि शुगरची गोळी चालूच असणार. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि पोट रिकामं, वर वयामुळे किडनी थोडी मंद, मग पहाटे साखर 50 ला येते आणि माणूस घामाघूम होऊन भलतंच बोलायला लागतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर हे वाचणं बाजूला ठेवून आत्ता एकदा बघा. 70 च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर लगेच साखर-पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

लघवीचं इन्फेक्शन सगळ्यांना माहीत झालंय, पण त्यात एक खोच आहे. या वयातल्या बायकांच्या लघवीत जंतू सापडणं इतकं कॉमन आहे की रिपोर्टमध्ये थोडे पस सेल्स, म्हणजे पू-पेशी आल्या म्हणजे सापडलं कारण, द्या अँटिबायोटिक, असं नसतं. मी असे पेशंट पाहिलेत की लघवीवर सगळे समाधान मानून बसले आणि खरं कारण दुसरीकडेच होतं. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं आहे का ते बघतात, आणि बाकी शोध चालू ठेवतात. तसंच लघवी तुंबणं आणि पोट साफ नसणं. चार-पाच दिवस शौचाला झालेलं नाही एवढ्यावर म्हातारं माणूस भ्रमिष्ट होऊ शकतं, हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण होतं. आणि पडणं! गेल्या दोन-तीन महिन्यांत न्हाणीघरात पाय घसरला होता का, डोकं कुठे आपटलं होतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे आठवून सांगा, कारण कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि महिन्याभराने असं काहीतरी सुरू होतं. सीटी स्कॅनमध्ये ते कळतं, आणि बऱ्याचदा लहानशा ऑपरेशनने माणूस पहिल्यासारखा होतो.

गोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझ्या अनुभवात इथेच सगळ्यात जास्त सापडतं. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी नको, पूर्ण डबा न्या, त्यात शेजारच्या काकूंनी दिलेली गोळीसुद्धा, मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळीसुद्धा, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, लक्ष आणि स्मरण बरंचसं त्याच्यावर चालतं, आणि कितीतरी साधी औषधं ते अडवतात: सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवी सारखी होऊ नये म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोप आणि अंगदुखीसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, हातपाय थरथरू नयेत म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेक ठीक, पण तीन डॉक्टरांकडून तीन आली की बेरीज होते आणि कुणालाच ती दिसत नाही. तोंड कोरडं, पोट घट्ट, लघवी अडकलेली, बाहुल्या मोठ्या आणि भास, असं एकत्र दिसलं की हेच. धोतऱ्याने माणूस बरळतो तो याच वाटेने, रसायन वेगळं पण रस्ता तोच.

स्टेरॉइडचं पण सांगायला हवं. दम्यासाठी, संधिवातासाठी द्यावं लागतं, पण डोस वाढला की डोकं फिरू शकतं. 1972 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत मानसिक त्रास 1.3 टक्के लोकांना झाला आणि 80 च्या वर घेणाऱ्यांत 18.4 टक्क्यांना. आणि आपल्याकडे गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, खाल्ल्याबरोबर आराम, भूक वाढते, चेहरा गोल होतो, त्यात स्टेरॉइड निघाल्याचं मी पाहिलंय. ती पुडी एकदम बंद केली तरी धोका असतो, म्हणून डॉक्टरांना सांगून कमी करायची. टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड आणि विशेषतः सायक्लोसेरिन, मलेरिया-संधिवाताचं क्लोरोक्विन, म्हाताऱ्यांत लेव्होफ्लॉक्सॅसिन, फिट्सचं लेव्हेटिरासिटाम, ही पण यादीत आहेत. आणि औषध चालू केल्याने जसं होतं तसं बंद केल्यानेही होतं. झोपेची अल्प्राझोलाम दहा वर्षं घेतलेली, मुंबईच्या मुलीने "सवय वाईट" म्हणून फेकून दिली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास सुरू.

दारूचंही तेच. एका खासगी दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालेले एक काका, तिसऱ्या रात्री सलाइन उपटून पळायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणे. मला बोलावलं तेव्हा हात थरथरत होते, घाम, नाडी 130. मी घरच्यांना विचारलं पितात का, सगळे एका सुरात "नाही हो, आमच्यात कुणी नाही." मग काकूंनी मला जिन्यापाशी गाठून सांगितलं, रोज रात्री, वीस वर्षं. शेवटचा घोट घेतल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी हे होतं आणि उपचार मिळाला नाही तर माणूस जातो, म्हणून लाज बाजूला ठेवून ऑपरेशनच्या आधी सांगावं, अशी माझी सगळ्या घरांना विनवणी आहे. अशा पेशंटला बी-वन व्हिटॅमिन लगेच द्यावं लागतं आणि ग्लुकोजची बाटली लावायची तर बी-वन त्याच्या आधी, नाहीतर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

तुमच्या सासूबाईंचा याच्याशी संबंध नाही हे मला कळतं, पण घरात तरुण मुलं असतील तर भांगेबद्दल एक वाक्य लिहितोच. मालव्यात शिवरात्रीला भांगेची ठंडाई म्हणजे प्रसाद, आणि अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याने भांगेचं पान गांजात धरलेलं नाही, त्यामुळे लोकांना ती निरुपद्रवीच वाटते. खाल्लेली भांग चढायला तास-दोन तास लागतात, तोवर "काहीच होत नाही" म्हणून दुसरा ग्लास, आणि मग मध्यरात्री मुलगा छातीला हात लावून सांगतो की सगळे मिळून मला मारणार आहेत. बहुतेक जण एका दिवसात उतरतात. दोन-तीन दिवसांनंतरही संशय तसाच राहिला तर मात्र दाखवा, आणि रोज गांजा ओढणाऱ्या मुलात तर वाट बघूच नका.

आता मोतीबिंदूकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली ती एक ओळ मला महत्त्वाची वाटली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं की मेंदूकडे चित्रं येणं कमी होतं, आणि मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःची चित्रं काढतो. जिनिव्हाचे शार्ल बोने म्हणून निसर्गाचे अभ्यासक होते, त्यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय, 89 वर्षांचे, डोळे अधू, डोकं खणखणीत, आणि त्यांना समोर माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या, आवाज काही नाही, आणि हे खरं नाही हे त्यांना स्वतःला माहीत असायचं. म्हणून या प्रकाराला बोनेंचंच नाव आहे. माझ्याकडे काचबिंदूच्या एक मावशी आहेत, त्यांना सतरंजीवर फुलांची नक्षी पसरताना दिसते, त्या म्हणतात "छान असते हो, पण सांगितलं तर मला वेडी म्हणतील" म्हणून दोन वर्षं कुणाला बोलल्याच नाहीत. त्यांना औषधाची गरजच नव्हती, हे वेड नाही एवढं कळल्यावर त्यांना झोप लागली. कानाचंही असंच, ऐकू कमी येणाऱ्यांना जुनी भजनं, बँडचे सूर ऐकू येतात, यंत्र लावल्यावर बरेचदा कमी होतात. तर सासूबाईंना विचारा, आई, ती मुलं खरी आहेत असं वाटतं का तुम्हाला? "कोण जाणे, पण दिसतात खरी" म्हणाल्या तर डोळ्याचा वाटा असू शकतो. पण चहात विष आहे ही खात्री आणि रात्रभर जागरण नुसत्या डोळ्याने होत नाही, म्हणून डोळ्यावर ढकलून बाकीच्या तपासण्या टाळू नका.

सगळ्या तपासण्या नीट आल्या आणि तरी मुलं येतच राहिली तर? तर मग लेवी बॉडी डिमेन्शियाचा विचार करावा लागतो, म्हणजे मेंदूच्या पेशींत कण साचून बुद्धी हळूहळू घसरत जाण्याचा आजार, लेवी नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1912 मध्ये ते कण पहिल्यांदा दाखवले. यात अगदी असंच असतं, लहान मुलं, प्राणी, शांत बसलेली माणसं स्पष्ट दिसतात, एक दिवस माणूस लख्ख, दुसऱ्या दिवशी गुंगीत, चालणं आखूड पावलांचं, आणि एक गोष्ट जी कुणी आपणहून सांगत नाही, कित्येक वर्षं आधीपासून झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नात कुणाशी तरी मारामारी. सासऱ्यांना विचारा, नसतील तर ज्यांच्याजवळ त्या झोपायच्या त्यांना विचारा. हे एवढं सविस्तर का सांगतोय, कारण या आजारात भासांसाठी नेहमी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल घातक ठरू शकतं. एका ठिकाणी रात्री आरडाओरडा केला म्हणून एका आजोबांना ते इंजेक्शन दिलं, मी बघितलं तेव्हा लाकडासारखे कडक होते, गिळता येत नव्हतं, सावरायला तीन आठवडे गेले. ज्यांनी दिलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, रात्रीचे दोन वाजलेले, पण झोपेच्या मारामारीबद्दल कुणी विचारलं असतं तर टळलं असतं. पार्किन्सनच्या पेशंटलाही हेच लागू, तिथे भास बरेचदा औषधांमुळेच येतात आणि न्यूरॉलॉजिस्ट एकेक औषध क्रमाने कमी करतात.

बाकीची कारणं भरभर सांगतो. थायरॉइड फार कमी झालं तरी भास आणि संशय येतो, 1949 मध्ये रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी असे 14 पेशंट मांडले तेव्हापासून आम्ही टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्याशिवाय राहत नाही. बी-12 आपल्या शाकाहारी घरांत कमी असतंच, त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं, आणि तळपाय बधिर झालेत का हे त्याबरोबर विचारायचं. एकदम जळक्या रबराचा वास येतो, पोटातून काहीतरी वर चढतं आणि दीड-दोन मिनिटं माणूस हरवतो, तीच-तीच गोष्ट दर वेळी तशीच, ती फिट असू शकते. विशी-पंचविशीतली मुलगी, आठ-दहा दिवसांत विचित्र वागायला लागली, मग तोंडाच्या हालचाली, झटके, तर एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो आजार, 2007 मध्ये दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलगडला, बऱ्याच जणींच्या ओव्हरीत गाठ सापडते आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी सुधारतात, त्याआधी किती जणींना नुसतंच वेडी ठरवलं असेल याचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडाली आणि बाळाबद्दल भलतंच बोलायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, हजार बाळंतिणींत एक-दोघींना हे होतं, आणि सोबत डोकं जबर दुखत असेल तर मेंदूच्या शिरेत गुठळी आहे का ते एमआरआयने बघावंच लागतं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत त्यात भर घालते.

एक घरातलं कारण मात्र लोकांच्या डोक्यातच येत नाही, गॅस गीझर. बंद न्हाणीघरात तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, वास नाही रंग नाही. 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यक मासिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती, नव्या घरात राहायला गेले आणि सगळ्यांनाच पावलं ऐकू यायला लागली, माणसं दिसायला लागली, सगळे थकलेले, डोकी दुखणारी, घर झपाटलंय असंच वाटलं, आणि शेवटी घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलेली निघाली, धूर घरात येत होता. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी काहीतरी होत असेल तर आधी खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर या.

आता त्या चहाच्या संशयाबद्दल. स्मरण थोडं जरी घसरलं तरी माणूस वस्तू ठेवतो, ठेवल्याचं विसरतो, वस्तू सापडत नाही, आणि "मी विसरले" यापेक्षा "तिने उचललं" हे मनाला सोपं जातं. जी बाई सगळ्यात जास्त जवळ असते तिच्यावरच आळ येतो, मग ती कामवाली असो की सून. हा आजार बोलतोय, सासूबाई नाही, हे तुम्ही मनाशी धरून ठेवा. पण एकदा खरंच तपासूनही बघा. एका घरी मी आजींचा भ्रम म्हणून औषध सुरू करणार होतो, तेवढ्यात मुलाने बँकेचं पासबुक उघडून बघितलं आणि पैसे खरोखर जात होते. म्हातारं माणूस म्हणतंय म्हणून ते खोटंच असणार असं धरून चालायचं नाही.

आणि सगळंच आजार नसतो. झोप लागता लागता कुणी हाक मारल्यासारखं वाटणं, जाग येताना छातीवर कुणी बसल्यासारखं होऊन हालता न येणं, हे निरोगी माणसांना होतं. नवरा गेल्यावर त्याच्या चपलेचा आवाज ऐकू येणं तर फारच, 1971 मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या 293 जणांना विचारलं तर जवळपास निम्म्यांना असं काही ना काही जाणवलं होतं, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटत होता. त्याला गोळी द्यायची नसते.

उज्जैनबद्दल नणंदबाईंना दुखवू नका. महाकाळावर माझीही श्रद्धा आहे. फक्त त्यांना सांगा की या उन्हात, उपाशीपोटी, गर्दीत उभं केलं तर तब्येत आणखी बिघडेल, आधी रक्त देऊन येऊ, बऱ्या झाल्या की आपण सगळे नमस्काराला जाऊ. आणि दिरांना सांगा की बाणगंगा हे भीतीचं नाव नाही, तिथेही डॉक्टरच आहेत, पण आत्ता त्यांना जिथे रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे आणि लागलं तर सीटी एका जागी होईल असा दवाखाना हवाय, एमवाय हे सरकारी रुग्णालय चालेल, जवळचा खासगीही चालेल. सीबीसी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, लिव्हर, कॅल्शियम, टीएसएच, बी-12, लघवी, छातीचा एक्स-रे, एवढं आधी. ताप येऊन मान आखडली, फिट आली, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, उठवून उठत नाहीत, किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा करायला गेल्या, तर थांबू नका, रुग्णवाहिकेसाठी 108. आणि रात्री काही सुचत नसेल तर सरकारचा टेली-मानस हा मानसिक आरोग्याचा मदत नंबर आहे 14416, 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत.

आजची संध्याकाळ कशी काढायची ते सांगतो. ऊन उतरायच्या आधीच त्यांच्या खोलीतला मोठा दिवा लावा, कोपऱ्यात खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल तर उचला, आरशावर टॉवेल टाका, चष्मा पुसून द्या, समोर घड्याळ आणि कॅलेंडर. झोपेची गोळी मनाने देऊ नका, हात बांधू नका, खोलीत एका वेळी एकच ओळखीचं माणूस असू दे. मुलं दिसतात म्हणाल्या तर "कुठे आहेत, काहीतरीच!" नको, आणि "हो हो, मलाही दिसतात" हेही नको. "मला नाही दिसत आई, पण तुम्हाला दिसतात हे खरं, भीती वाटतेय का? मी बसते इथे" एवढंच. चहा त्यांच्यासमोर करा, साखर त्यांनाच घालायला सांगा, आणि एकाच पातेल्यातून दोन कप ओतून पहिला घोट तुम्ही घ्या. दिवसभर किती पाणी पोटात गेलं, लघवीला किती वेळा गेल्या, शौचाला शेवटचं कधी, आणि कुठली गोळी कधीपासून नवी आहे, हे एका कागदावर लिहून उद्या डॉक्टरांच्या हातात द्या, वार उलटे म्हणताना कुठे अडल्या तेही त्यात लिहा.